‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट मंडळात हा चित्रपट दाखवला की पुढचे काही दिवस त्याच त्या शंका येत राहतात. काही प्रेक्षकांच्या, काही कादंबरी वाचलेल्यांच्या. त्या शंका आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न १० ते १२ यांमध्ये शेवट उघड होतो. चित्रपट अजून पाहिला नसेल तर ते तीन प्रश्न तूर्त वगळावेत.

१. हा चित्रपट नेमका कोणता? त्याची दोन-तीन नावे का आढळतात?

यिर्झी मेंझेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चेक चित्रपट १९६६ सालचा आहे. तो कृष्णधवल असून त्याची लांबी साधारण दीड तास आहे, आणि बोहुमिल ह्राबल यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. मूळ नाव ‘ओस्त्र्झे स्लेदोवाने व्लाकी’. अमेरिकेत तो ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ या नावाने लागला, तर ब्रिटनमध्ये ‘क्लोजली ऑब्झर्व्ह्ड ट्रेन्स’ या नावाने. त्यामुळे हे दोन वेगळे चित्रपट आहेत असा अनेकांचा समज होतो, पण चित्रपट एकच आहे.

२. शेवट न सांगता कथानक सांगता येईल का?

दुसऱ्या महायुद्धाचा अखेरचा काळ आहे आणि चेक भूमी जर्मनांच्या ताब्यात आहे. मिलोश ह्रमा हा कोवळा तरुण एका आडबाजूच्या लहान स्टेशनवर गाड्या सोडण्याच्या कामाची उमेदवारी करू लागतो. स्टेशन मास्तर कबुतरे पाळण्यात आणि बढतीची स्वप्ने पाहण्यात दंग आहेत. मिलोशचा वरिष्ठ सहकारी हुबिचका रात्रपाळीचा उपयोग स्त्रियांची मने जिंकण्यासाठी करतो. गाडीवर कंडक्टर असलेल्या माशावर मिलोशचे प्रेम आहे, परंतु पहिल्या रात्री त्याचे शरीर त्याला साथ देत नाही आणि ही गोष्ट त्याच्या मनाला इतकी लागते की तो स्वतःच्याच जिवावर उठतो. त्याचा ‘पुरुष’ होण्याचा ध्यास आणि त्याच रुळांवरून जाणाऱ्या जर्मन गाड्या यांची गाठ कशी पडते, हे कथानक आहे.

३. शीर्षकातल्या ‘पाहिल्या जाणाऱ्या’ गाड्या म्हणजे कोणत्या?

लष्करी सामग्री आणि सैनिक घेऊन जाणाऱ्या ज्या जर्मन गाड्यांना सर्व गाड्यांच्या आधी वाट करून द्यावी लागे आणि ज्यांच्यावर सतत लक्ष ठेवणे रेल्वे कर्मचाऱ्यांना बंधनकारक असे, त्या या गाड्या. चेक नावातील पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ ‘तीक्ष्णपणे’ असा आहे. मराठीत ‘डोळ्यांत तेल घालून पाहायच्या गाड्या’ असे म्हटले तर मूळ शब्दातील धार बरीच टिकते. मात्र या स्टेशनवर गाड्यांखेरीज सगळ्या गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते. कोण कोणाकडे पाहून हसले, कोणाच्या खोलीतला दिवा किती वेळ जळत होता, मास्तरांच्या सोफ्याचे कातडे कशाने फाटले, हे सर्वांना ठाऊक असते. ह्राबल यांनी सरकारी हुकमातला शब्द उचलून शीर्षकात बसवला, यात मला कादंबरीचा निम्मा स्वभाव दिसतो.

४. पात्रांच्या नावांना काही अर्थ आहे का?

काहींना आहे, आणि चेक न जाणणाऱ्या प्रेक्षकाच्या तो हातून निसटतो. ‘हुबिचका’ म्हणजे हलकेच घेतलेला पापा. तारयंत्रावर बसणाऱ्या तरुणीचे आडनाव ‘स्वाता’ आहे आणि त्याचा अर्थ ‘पवित्र’ किंवा ‘संत स्त्री’ असा होतो. तिच्या वाट्याला येणारा प्रसंग (प्रश्न ८) लक्षात घेतला तर हे नाव योगायोगाने आलेले नाही हे कळते. भूमिगत चळवळीची निरोप्या म्हणून येणारी स्त्री व्हिक्टोरिया फ्राये. तिच्या नावात विजय आहे आणि आडनावात जर्मन भाषेतले ‘मुक्त’ आहे.

५. हे मूळ पुस्तक कादंबरी आहे की दीर्घकथा? आणि ते आत्मचरित्रात्मक आहे का?

आकाराने ते लहान आहे. मराठीत आपण त्याला लघुकादंबरी म्हणू. कथानक आत्मचरित्र नाही, परंतु स्टेशन मात्र अनुभवातून आलेले आहे. १९१४ साली जन्मलेले ह्राबल प्राग येथे कायद्याचे शिक्षण घेत होते. १९३९ साली जर्मनांनी चेक विद्यापीठे बंद केली आणि त्यांचे शिक्षण खंडित झाले. पदवी मिळायला १९४६ साल उजाडले. मधल्या काळात त्यांनी ज्या नोकऱ्या केल्या त्यांपैकी एक कोस्तोमलाती नाद लाबेम या स्टेशनवर गाड्या सोडण्याची होती. तारयंत्राचा कट्टकट्ट आवाज, शिक्के, दिवे, सिग्नलचा दांडा, गणवेशाची बटणे यांविषयी कादंबरीत जी घरगुती सलगी जाणवते, ती तेथून आली आहे.

हीच सामग्री ह्राबल यांनी १९४९ च्या सुमारास ‘काइन’ नावाच्या एका गंभीर कथेत वापरली होती. तिच्यात मृत्यूची ओढ हा गाभा होता. पुढे त्यांनी तीच सामग्री पुन्हा हातात घेतली आणि तिच्यात हसू आणले. एखादा लेखक दुःखाची गोष्ट सोळा वर्षे बाळगतो आणि मग ती विनोदातून सांगतो, ही घटना मला फार मोलाची वाटते, कारण हा विनोद वरून शिंपडलेला नाही, हे तिच्यामुळे कळते.

६. आधी कादंबरी वाचावी की आधी चित्रपट पाहावा?

आधी चित्रपट पाहावा, असे माझे मत आहे. कादंबरीत काळ मागेपुढे उड्या मारतो आणि एकेक वाक्य अर्धे पान व्यापते. पात्रे ओळखीची झालेली असली की त्या वाक्यांचा आनंद घेता येतो. एडिथ पार्जेटर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९६८ साली आले आणि ते वाचनीय आहे. दोन्हींतील फरक प्रश्न ९ मध्ये दिले आहेत.

७. यात आत्महत्येचा प्रयत्न आहे, युद्ध आहे, मृत्यू आहे. मग याला विनोदी चित्रपट का म्हणतात?

हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो आणि तो रास्त आहे. आपल्याला अशा चित्रपटांची सवय असते ज्यांत गंभीर कथेमध्ये थोडा विसावा म्हणून एखादे विनोदी पात्र येऊन जाते. मेंझेल तसे करत नाहीत. त्यांच्याकडे विनोद आणि भीती यांना वेगळे कप्पे नाहीत. दोन्ही एकाच चौकटीत, एकाच वेळी असतात.

सुरुवातीचेच उदाहरण घ्यावे. मिलोश पहिल्यांदा गणवेश चढवतो आणि त्याची आई एखाद्या राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवावा तशी ती टोपी त्याच्या डोक्यावर ठेवते. त्याच वेळी तो आपल्या पूर्वजांची हकिकत सांगत असतो. पणजोबांचा पाय १८४८ च्या उठावाच्या धामधुमीत जायबंदी झाला, त्याबद्दल मिळालेल्या पेन्शनवर रम पीत ते कष्टकऱ्यांना खिजवत राहिले आणि वारंवार मार खात राहिले. आजोबा संमोहनाचे प्रयोग करत. मार्च १९३९ मध्ये जर्मन रणगाडे प्रागच्या दिशेने निघाले तेव्हा ते एकटे रस्त्यावर उभे राहिले आणि नजरेच्या बळावर रणगाड्यांना मागे फिरवू लागले. रणगाडा थांबला नाही. वडील इंजिन ड्रायव्हर होते, ते लवकर पेन्शनीत निघाले आणि आता सोफ्यावर पडून असतात. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की संपूर्ण देशात रणगाड्यासमोर उभा राहिलेला हा एकच माणूस या गोष्टीत आपल्याला भेटला, आणि तो वेडगळ ठरला. त्या हसण्याची लाज वाटत नाही, पण ते घशात अडकते. चित्रपट शेवटपर्यंत याच सुरावर चालतो.

दुसरे कारण प्रमाणाचे आहे. मिलोशच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठे संकट हिटलर नाही. माशासमोर झालेली फजिती हे आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. त्याच्या या अडचणीकडे चित्रपट तुच्छतेने पाहत नाही, म्हणूनच आपण त्याला हसतो तेव्हाही त्याच्या बाजूने असतो.

८. शिक्क्यांचा प्रसंग आक्षेपार्ह नाही का? आणि त्यात गुन्हा नेमका कोणता धरला गेला?

रात्रपाळीच्या कंटाळ्यात हुबिचका आणि तार पाठवणारी ज़्देनिचका खेळ खेळतात आणि तो तिच्या मांडीवर व पार्श्वभागावर स्टेशनचे रबरी शिक्के उमटवतो. ती या खेळात खुशीने सामील आहे. चित्रणात तिच्यावर जबरदस्तीची सावलीही नाही. सकाळी तिच्या आईला ते शिक्के दिसतात आणि ती मुलीला घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत तक्रार करत फिरते. प्रत्येक ठिकाणचा अधिकारी पुरावा पाहण्याचे कर्तव्य मोठ्या निष्ठेने पार पाडतो.

चौकशी समितीपुढे पेच उभा राहतो. मुलीची संमती असल्यामुळे तिच्या स्वातंत्र्यावर घाला घातला असे म्हणता येत नाही. तेव्हा असा निष्कर्ष काढला जातो की शिक्क्यांवर जर्मन मजकूर होता आणि जर्मन ही राज्याची भाषा असल्यामुळे तिचा अवमान झाला. परक्या सत्तेचा कारभार किती पोकळ आणि किती भेसूर असतो, हे दाखवण्यासाठी मेंझेल यांना एकही छळछावणी दाखवावी लागली नाही. जी सत्ता मालगाड्या भरभरून माणसे मरणाकडे नेत होती, ती येथे रबरी शिक्क्याच्या अब्रूसाठी दप्तर उघडून बसते. हा प्रसंग केवळ चावट म्हणून सांगितला जातो, याचे मला दर वेळी वाईट वाटते. शेवटाशी त्याचा संबंध कसा जोडला आहे, ते प्रश्न ११ मध्ये पाहावे.

९. कादंबरी आणि चित्रपट यांत मुख्य फरक कोणते?

सर्वांत मोठा फरक क्रमाचा आहे. कादंबरी सुरू होते तेव्हा मिलोशचा आत्महत्येचा प्रयत्न होऊन गेलेला असतो; तो तीन महिन्यांच्या आजारपणानंतर कामावर परततो आणि मागच्या घटना आठवणींतून तुकड्यातुकड्यांनी कळतात. चित्रपटात गोष्ट सरळ रेषेत जाते: नोकरीचा पहिला दिवस, माशा, फजिती, रक्ताने भरलेले न्हाणीचे टब, डॉक्टरांचा सल्ला आणि पुढचे सर्व. या बदलामुळे वाचकाला असलेला आगाऊ अंदाज प्रेक्षकाला नसतो. तो मिलोशबरोबर बेसावध चालतो आणि टबाच्या प्रसंगाला अचानक सामोरा जातो.

दुसरा फरक आवाजाचा. कादंबरी संपूर्णपणे मिलोशच्या तोंडची आहे. चित्रपटात त्याचे निवेदन सुरुवातीला ऐकू येते आणि मग विरून जाते. पुढे त्याचे डोळे आणि अडखळती चाल पुरेशी होते. मिलोशची भूमिका करणारे वात्स्लाव नेत्स्कार्झ हे गायक असूनही येथे इतके थोडे बोलतात, याकडे लक्ष द्यावे.

तिसरा फरक क्रूरतेच्या मात्रेचा. पुस्तकात जखमी जनावरे, रक्त, प्रेते आणि आगीत भाजून निघालेल्या शहरातून पळालेली माणसे यांची वर्णने कितीतरी अधिक आहेत. मेंझेल यांनी ती बरीच कमी केली. पटकथा दोघांनी मिळून लिहिली असल्यामुळे हे बदल लेखकाच्या डोळ्यांदेखत झाले आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

कबुतरांचा एक तपशील मात्र पुस्तकातच वाचावा. जर्मनीने पोलंडवर हल्ला केल्यानंतर स्टेशन मास्तर आपली न्यूरेम्बर्ग जातीची कबुतरे मारून टाकतात आणि त्यांच्या जागी पोलिश जातीची आणतात. भित्र्या माणसाचा देशाभिमान कोणावर उतरतो, हे त्या एका ओळीत आले आहे.

१०. (शेवट उघड होतो) दोन्हींचा शेवट सारखाच आहे का?

घटना एकच आहे, अनुभव पूर्ण वेगळा आहे. दोन्हींत मिलोश दारूगोळ्याच्या गाडीवर बॉम्ब टाकतो आणि गोळी लागून मरतो.

कादंबरीत हे रात्री घडते आणि पार्श्वभूमीला फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बवर्षावाने पेटलेल्या ड्रेस्डेन या जर्मन शहराच्या आगीचा उजेड आहे. मिलोश आणि गाडीवरचा जर्मन सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडतात आणि जवळजवळ पडतात. सैनिक आईला हाक मारत राहतो. त्याचे ओरडणे मिलोशला सहन होत नाही. तो त्याला संपवतो आणि मग त्याचाच हात हातात घेऊन पडून राहतो. आपल्याला मारणारा आणि आपण मारलेला हे दोघे एकच, आणि तो एरवी ओळखीचा, मित्रही होऊ शकला असता, ही जाणीव पुस्तकाच्या अखेरच्या पानांवर आहे.

चित्रपटात दिवसाचा उजेड आहे. मिलोश सिग्नलच्या खांबावरून बॉम्ब टाकतो, गोळी लागते, तो चालत्या गाडीवर पडतो आणि गाडी त्याला घेऊन वळणाआड जाते. स्फोट आपण दुरून पाहतो. वाऱ्याचा झोत येतो आणि त्याची टोपी फलाटावर माशापाशी घरंगळत येते. जर्मन सैनिकाचा मृत्यू येथे नाही. काहींना ही उणीव वाटते. मला तसे वाटत नाही, कारण सुरुवातीला आईने डोक्यावर ठेवलेली टोपी शेवटी रिकामी परत येते आणि चित्रपटाने स्वतःच्या साधनांनी तेवढेच मोठे दुःख उभे केलेले असते.

११. (शेवट उघड होतो) स्फोटानंतर हुबिचका का हसतो? मित्र मेला आहे ना?

मिलोश मेला हे त्याला त्या क्षणी ठाऊक नाही. बॉम्ब टाकण्याचे काम खरे तर त्याचे होते, परंतु शिक्क्यांच्या चौकशीसाठी समिती नेमकी तेव्हाच येऊन बसते आणि त्याला हलता येत नाही. म्हणजे ज्या हास्यास्पद प्रकरणावर आपण तासभर हसलो, त्याच प्रकरणामुळे मिलोशचा बळी जातो. त्याच चौकशीला आलेला सत्ताधाऱ्यांचा हस्तक ज़ेद्निचेक चेक लोकांना ‘हसणारी जनावरे’ म्हणून हिणवतो. त्यानंतर स्फोट होतो आणि हुबिचका हसतो. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्या हसण्यात मानाने परत घेतला जातो, आणि त्याची किंमत फलाटावर उभ्या असलेल्या माशाला कळणार असते.

१२. (शेवट उघड होतो) कादंबरी प्रथमपुरुषी आहे. मग मेलेला माणूस गोष्ट सांगतो कशी?

ह्राबल यांनी याचे स्पष्टीकरण दिलेले नाही आणि देण्याची गरजही नव्हती. निवेदन जाणीव हरपेपर्यंत चालते आणि तेथेच थांबते. बोलणारा कोठून बोलत आहे हा प्रश्न वाचकाला पुस्तक मिटल्यावर पडतो, वाचताना पडत नाही.

१३. दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट होता, हे खरे आहे का?

पूर्ण लांबीचा पहिलाच. १९३८ साली जन्मलेले मेंझेल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. बारांदोव्ह स्टुडिओने हे काम आधी एव्हाल्द शोर्म आणि व्येरा खितिलोवा या अधिक अनुभवी दिग्दर्शकांपुढे ठेवले होते, परंतु या पुस्तकाचा चित्रपट कसा करावा याची वाट दोघांनाही दिसली नाही. मेंझेल यांना ह्राबल यांच्या एका कथेवर लघुपट करण्याचा अनुभव होता. छायाचित्रण यारोमिर शोफर यांचे आणि संगीत यिर्झी शुस्त यांचे आहे.

१४. मिलोशचे काम करणारा अभिनेता कोण? डॉक्टर झालेला माणूस ओळखीचा का वाटतो?

मिलोश म्हणजे वात्स्लाव नेत्स्कार्झ, तेव्हाचे तरुण लोकप्रिय गायक. मेंझेल यांची पहिली पसंती व्लादिमिर पुखोल्त यांना होती, पण ते दुसऱ्या चित्रीकरणात गुंतले होते. स्वतःच ही भूमिका करावी असेही मेंझेल यांच्या मनात येऊन गेले. वयाने आपण थोरले दिसू म्हणून त्यांनी तो विचार सोडला. मिलोशला धीर देऊन ‘मन दुसरीकडे वळव, फुटबॉलचा विचार कर’ असे सांगणारे डॉक्टर ब्राबेत्स मात्र मेंझेल स्वतःच आहेत. त्या भूमिकेसाठी ठरलेला नट आयत्या वेळी आला नाही. हुबिचका योसेफ सोमर यांनी, स्टेशन मास्तर व्लादिमिर वालेंता यांनी आणि ज़ेद्निचेक व्लास्तिमिल ब्रोद्स्की यांनी साकारला आहे.

१५. चित्रपटातले स्टेशन खरे आहे का?

खरे आहे. ते प्रागच्या पश्चिमेला, बेरोउन गावाच्या बाजूला असलेले लोद्येनित्से स्टेशन. चित्रीकरण १९६६ च्या फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलअखेरीपर्यंत चालले. ह्राबल यांनी नोकरी केली ते स्टेशन वेगळे (प्रश्न ५). दोन्हींची गल्लत होते.

१६. ऑस्कर १९६६ चे, १९६७ चे की १९६८ चे?

चित्रपट चेकोस्लोव्हाकियात १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये लागला, पुरस्कार १९६७ या वर्षासाठीचा आणि सोहळा १० एप्रिल १९६८ रोजी झाला. त्यामुळे तिन्ही वर्षे छापलेली आढळतात. परभाषी चित्रपटाचा हा पुरस्कार चेकोस्लोव्हाकियाला दुसऱ्यांदा मिळाला होता. तेव्हा प्रागमध्ये मोकळिकीचे वारे वाहत होते. चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सोव्हिएत रणगाडे शहरात आले. सुरुवातीचा आजोबांचा प्रसंग त्यानंतर ज्यांनी पुन्हा पाहिला असेल, त्यांना काय वाटले असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

१७. या चित्रपटावर बंदी आली होती ना?

बंदीची जी हकिकत सांगितली जाते ती मेंझेल आणि ह्राबल या जोडीच्या पुढच्या चित्रपटाची आहे. ‘स्क्र्झिवान्त्सि ना निती’ हा चित्रपट १९६९ साली तयार झाला, लगेच कुलपात गेला आणि १९९० साली बाहेर आला. त्याच वर्षी बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळाले. मेंझेल यांना मधली काही वर्षे चित्रपट करता आले नाहीत आणि १९७० नंतर ह्राबल यांची पुस्तके काही काळ छापली गेली नाहीत. तरीही दोघांची साथ सुटली नाही. त्यांचा शेवटचा एकत्रित चित्रपट २००६ सालचा आहे, ह्राबल यांच्या १९९७ मधील निधनानंतरचा.

१८. घरातील मुलांसोबत पाहता येईल का?

लहान मुलांसोबत नाही. मोठ्या मुलांसोबत पाहताना आत्महत्येचा प्रयत्न आणि शारीरिक संबंधांचे उल्लेख यांविषयी आधी बोलून घ्यावे. ज्यांनी अशा प्रयत्नाचा आघात जवळून सोसला आहे, त्यांनाही चित्रपटाच्या मध्यावर टबाचा प्रसंग येतो हे आधी सांगावे.

१९. मेंझेल यांचा आपल्या भागाशी काही संबंध आला होता का?

आला होता. २०१३ साली गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला आणि महोत्सवाची सुरुवात त्यांच्याच ‘द डॉन जुआन्स’ या चित्रपटाने झाली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले आणि मुंबईत चित्रपटजतनाचे काम उभारणारे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्यांच्यावर ‘चेकमेट’ हा सात तासांहून मोठा माहितीपट २०१८ साली पूर्ण केला. मेंझेल सप्टेंबर २०२० मध्ये वारले. मूळ चित्रपट पाहून झाल्यावर हा माहितीपट सवडीने, दोन-तीन बैठकांत पाहावा. १९६० च्या दशकातील चेक चित्रपटांच्या नवलाटेतील इतर दिग्दर्शकही त्यात स्वतः बोलताना भेटतात.